सात ब्लॉग, सात मालक आणि एकच आवाज

पत्र

मी चिपळूणला राहते. आधी शाळेत मराठी शिकवायचे, मुलगी झाल्यावर नोकरी सोडली. मावसभावाचा वेळणेश्वरजवळ होमस्टे आहे. त्याच्यासाठी हौसेने ब्लॉग लिहायला घेतला, तो चालला, आणि एकाचं बघून दुसरा असं करत आज सात ठिकाणचं लिहिते. मावसभावाचा होमस्टे, गुहागरातला आणखी एक होमस्टे, पावसचे एक आंबा बागायतदार, इथले एक दंतवैद्य, एक सीए, एक साड्यांचं दुकान आणि दहावी-बारावीचे एक क्लास. प्रत्येकाला महिन्याला चार लेख, प्रत्येकी ३,००० रुपये.

आता डोकं चालेनासं झालंय. रात्री मुलगी झोपली की लिहायला बसते. गेल्या महिन्यात ‘पेटी घेताना आंबा कसा ओळखावा’ हा लेख चुकून दंतवैद्यांच्या ब्लॉगवर गेला आणि दुपारभर तिथेच राहिला. डॉक्टर हसले, पण मला रडू आलं. साडीवाले म्हणतात, तुमचं लिखाण छान असतं पण दुकानात काही फरक दिसत नाही. बागायतदार काका व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवत राहतात: थंडी लांबली, पुन्हा मोहोर फुटला, सुपारीएवढ्या कैऱ्या गळल्या, गिऱ्हाईक साक्याची (आतला गर पांढरट, आंबट निघण्याची) तक्रार करतं. त्यातलं काय वापरायचं ते कळत नाही, म्हणून मी नेटवरून माहिती काढून लिहिते. दोन जणांचे पैसे नेहमी उशिरा येतात. सगळ्यांची डोमेन (साइटची नावं) माझ्याच ईमेलवर आहेत, त्यामुळे नूतनीकरणाचे संदेशही मलाच येतात.

एकाच जागेवरून सगळे ब्लॉग सांभाळता येतील असं एखादं सॉफ्टवेअर सांगाल का? आणि काही कामं सोडावीत का? ‘एआय’कडून लिहून घेऊ का? दंतवैद्यांच्या ब्लॉगवर उपचाराआधीचे आणि नंतरचे फोटो टाकावेत असंही मनात आहे. सोबत माझे तीन लेख जोडते आहे.

एक वाचक, चिपळूण

उत्तर

ताई, सॉफ्टवेअरचं आधी सांगून टाकते, कारण ते लवकर संपतं. वर्डप्रेस या ब्लॉग चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये २०१० पासून ‘मल्टिसाइट’ नावाची सोय आहे. एकच मांडणी करायची आणि तिच्याखाली हव्या तितक्या साइट चालवायच्या. एका संस्थेच्या सात शाखा असतील तर ही सोय उत्तम. तुमच्या सात जणांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. उद्या सीए म्हणाले की मी आता दुसऱ्याकडून लिहून घेतो, तर त्यांची साइट त्या गोतावळ्यातून सोडवून त्यांच्या हातात देणं हे जिकिरीचं काम आहे. आणि एखादं प्लगइन (साइटला जोडलेला छोटा प्रोग्राम) बिघडलं तर आंबा, साडी आणि दात एकाच रात्री बंद पडतात. तेव्हा ते नको.

तुम्हाला हवं ते मुळात सॉफ्टवेअर नाहीच. तुम्ही जोडलेले तीन लेख मी वाचले. साडीचा लेख सुरू होतो ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात स्त्रीला स्वतःसाठी वेळ मिळणं कठीण झालं आहे’ असा. होमस्टेचा सुरू होतो ‘आजच्या धावपळीच्या युगात प्रत्येकाला निसर्गाच्या सान्निध्याची ओढ असते’ असा. आणि दातांचा: ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात आपण दातांकडे दुर्लक्ष करतो.’ भाषा शुद्ध आहे, शुद्धलेखन तर हेवा वाटावा असं. पण तिन्ही लेख एकाच बाईंनी रात्री अकरा वाजता दमून लिहिलेत, हे पहिल्या ओळीत कळतं. धकाधक गिऱ्हाइकाच्या नाही, तुमच्या आयुष्यात आहे, आणि ती सातही ठिकाणी उतरली आहे.

माझं मत असं की तुमचा त्रास ब्लॉग सात आहेत याचा नाही. सातही ब्लॉग तुमचे झालेत, हा त्रास आहे. विषय तुम्ही काढायचे, माहिती तुम्ही शोधायची, फोटो तुम्ही जमवायचे, डोमेनची मुदत तुम्ही लक्षात ठेवायची. मालक फक्त पैसे देतो, आणि तेही उशिरा. ब्लॉग ज्याचा त्याला परत द्या आणि लिहिणारा हात तेवढा तुमचा ठेवा. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

सुरुवात बागायतदार काकांपासून करू, कारण तुमच्याकडे सोनं येऊन पडतंय आणि तुम्ही ते बाजूला सारून नेटवर माती चाळताय. त्यांच्या ब्लॉगवरचा तुमचा शेवटचा परिच्छेद असा आहे: ‘फळांचा राजा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हापूस आंब्याने प्रत्येकाच्या मनात खास स्थान निर्माण केले आहे. आमच्याकडे उत्तम दर्जाचे, संपूर्ण रसायनमुक्त, अस्सल देवगड हापूस वाजवी दरात मिळतील.’ आता काकांच्या त्याच आवाजी निरोपांवरून मी काय लिहीन ते पाहा:

‘यंदा थंडी लांबली. झाडावर सुपारीएवढी कैरी धरलेली असतानाच पुन्हा मोहोर फुटला आणि झाडाने आधीची कैरी गाळली. त्यामुळे पहिली पेटी नेहमीपेक्षा उशिरा निघेल. ज्यांना पाडव्यालाच आंबा हवा, त्यांना आम्ही आत्ताच नाही म्हणतो. नंतरच्या मोहोराचा माल एप्रिलअखेरीस येईल, त्याची नोंदणी सुरू आहे. पेटीतला आंबा हाताला कडक लागला तर गवतातच राहू द्या, फ्रीजमध्ये टाकू नका. साका बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो. निघाला तर फोटो पाठवा.’

यातली बागेची माहिती सगळी त्यांचीच. मी वाक्यं तेवढी सरळ केली. हे वाचून पुण्या-मुंबईतला माणूस पेटी मागवेल, कारण बोलणारा झाडाखाली उभा आहे हे त्याला कळतं. साक्याचं काय करणार ते वाक्य मात्र काकांना विचारून पुरं करा: बदलून देणार, पैसे परत देणार की पुढच्या पेटीत वळते करणार? तो शब्द त्यांचा असायला हवा.

तुमच्या परिच्छेदात आणखी दोन खोडी आहेत, त्या भाषेच्या नाहीत. बाग पावसची असताना ‘अस्सल देवगड’ कसं? नेटवर देवगड हे नाव जास्त शोधलं जातं म्हणून घातलंत, समजू शकते. पण हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. पावसचा आंबा त्यात हक्काने बसतो, त्याला उसनं गाव लावायची गरजच नाही. दुसरी खोड ‘संपूर्ण रसायनमुक्त’. मोहोरावर थ्रिप्स आणि तुडतुडे या किडींसाठी फवारणी होते की नाही, हे काकांना विचारलंत का? होत असेल तर तो शब्द खोटा आहे. त्यांना बहुधा म्हणायचं असतं की आंबा कार्बाइडने पिकवलेला नाही, अढीत पिकवलेला आहे. मग तेच म्हणा. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार बंदीच आहे, त्यामुळे नुसतं ‘कार्बाइड नाही’ म्हणणं म्हणजे आम्ही कायदा पाळतो एवढंच सांगणं. गवताच्या अढीत किती दिवस, कोण उलथतं, कच्चा-पिका वेगळा कसा करतात, हे लिहिलं की मग त्याला वजन येतं.

तर पहिला बदल हा: नेटवरून माहिती काढून लिहिणं बंद. महिन्यातून एकदा प्रत्येक मालकाला फोन लावा, त्यांची परवानगी घेऊन बोलणं रेकॉर्ड करा आणि एकच विचारा: या महिन्यात गिऱ्हाइकाने तुम्हाला सगळ्यात जास्त वेळा काय विचारलं? साडीवाल्यांना गिऱ्हाईक विचारत असेल की पैठणी हातमागाची आहे की यंत्रमागाची हे कसं ओळखायचं. तो लेख झाला. पदर उलटा करून मागची बाजू दाखवणारा एक फोटो त्यांनी काढून पाठवायचा, दुकानातल्याच साडीचा. होमस्टेला विचारत असतील की दापोलीकडून येताना दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी चढते का, शेवटची बोट कधी, ती चुकली तर वळसा किती. ‘निसर्गाच्या कुशीत’ असं शीर्षक दिलेल्या दहा लेखांपेक्षा हा एक लेख जास्त खोल्या भरेल. आणि ज्या मालकाकडे महिन्यातून वीस मिनिटंही बोलायला नाहीत, त्याला ब्लॉग नकोच आहे. त्याला ‘आपलाही आहे’ एवढंच हवंय.

हे सुरू झालं की आवाज आपोआप वेगळे होऊ लागतील, पण तेवढ्यावर सोडू नका. प्रत्येकासाठी एक पान करा, एकच. त्यावर लिहा: हे वाचकाला ‘आपण’ म्हणतात की ‘तुम्ही’? सीए ‘आपण’ म्हणणार, काका ‘तुम्ही’ म्हणणार, क्लासवाले सर मुलांशी बोलताना ‘तू’वर येतील आणि पालकांशी पुन्हा ‘आपण’वर जातील. स्वतःला ‘आम्ही’ म्हणतात की ‘मी’? कुठले शब्द त्यांच्या तोंडी कधीच येणार नाहीत? (काका ‘दर्जेदार’ म्हणतील असं मला वाटत नाही.) आणि सगळ्यात खाली, काय लिहायचं नाही. हा शेवटचा रकाना सीए आणि डॉक्टर यांच्याबाबतीत जरा तपशिलात भरावा लागेल.

सीएंचा व्यवसाय १९४९ च्या कायद्याने बांधलेला आहे आणि काम मिळवण्यासाठी जाहिरात किंवा मागणी करण्यावर त्यात बंधनं आहेत. वेबसाइटवर काय चालतं याची त्यांच्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं असतात, ती मधूनमधून बदलतात. ताजी प्रत सीएंकडूनच मागून घ्या आणि तुमच्या ‘चिपळूणमधील सर्वोत्तम करसल्लागार’ या शीर्षकावर त्यांचं मत विचारा. ते शीर्षक तुम्ही दिलंय, पण तक्रार झाली तर नोटीस त्यांच्या नावाने निघेल. दंतवैद्यांसाठीही २०१४ ची आचारसंहिता आहे आणि तिच्यातही रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करण्यावर बंधनं आहेत. उपचाराआधीचे आणि नंतरचे फोटो टाकायची कल्पना तुम्ही पत्रात मांडली आहे. रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय एक दातसुद्धा टाकू नका, आणि संमती असली तरी डॉक्टरांनी आपल्या परिषदेचे नियम बघून हो म्हटल्यावरच.

डॉक्टरांच्या बाबतीत मी त्याहून पुढे जाईन. त्यांना महिन्याला चार लेख कशाला हवेत? चिपळूणमधल्या माणसाची दाढ रात्री ठणकायला लागली की तो लेख वाचत बसत नाही. तो फोनवर ‘जवळचा दाताचा दवाखाना’ शोधतो आणि नकाशावर जो उघडा दिसेल त्याला फोन लावतो. त्यामुळे गुगलच्या नकाशावरची त्यांची नोंद, बरोबर वेळा, गणपतीतल्या सुट्ट्या, वाहन कुठे लावायचं, जिना आहे की लिफ्ट, हे ठीक असणं दहा लेखांच्या बरोबरीचं आहे. लेख वर्षाला सहा पुरे: अक्कलदाढ, रूट कॅनाल म्हणजे नेमकं काय करतात, लहान मुलांचे दुधाचे दात किडले तर ते पडणारच म्हणून सोडून द्यायचे का. हे त्यांना स्वतः सांगा. तुमचं काम कमी होईल, पैसे थोडे कमी होतील, पण डॉक्टर तुम्हाला सोडणार नाहीत.

आता वेळापत्रक. सगळ्यांना महिन्याला चार हे गणित कुणी ठरवलं? सात चोक अठ्ठावीस लेख, म्हणजे सुट्टी धरली नाही तरी जवळजवळ रोज एक, आणि लेखाला ७५० रुपये. धंदे असे समान हप्त्यांत चालत नाहीत. आंब्याला जानेवारी ते मे मिळून दहा-बारा लेख लागतील आणि श्रावणात एकही नाही. सीएंचा जोर जून-जुलैत. होमस्टेला मेच्या आणि दिवाळीच्या सुट्ट्यांचं आरक्षण होतं त्याच्या दोन महिने आधी. क्लासला निकाल आणि प्रवेश. तेव्हा महिन्याचा करार मोडून वर्षाचा करा: वर्षाला अमुक लेख, ते कधी हे धंद्यावर, आणि पैसे मात्र दरमहा समान हप्त्याने. तुमचा घरखर्च सुरळीत चालेल आणि काम त्यांच्या हंगामाप्रमाणे येईल.

हे वेळापत्रक आखताना गेल्या वर्षीचं उचलून पुढे ढकलू नका. २०२२ मध्ये गणपती ३१ ऑगस्टला बसले. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि ते १९ सप्टेंबरवर गेले. ज्याने चाकरमान्यांच्या खोल्यांचा लेख गेल्या वर्षीच्या तारखेला लावून ठेवला असेल त्याचं पोस्ट तीन आठवडे आधीच येऊन शिळं झालं असणार. २०२६ चं पंचांग उघडा: अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. म्हणजे मे महिन्याच्या उत्तरार्धात लग्नं नाहीत आणि साडीवाले म्हणतील की आता लिहून काय उपयोग. पण हा धोंड्याचा महिना. लेक-जावई जेवायला येतात, जावयाला अनारशांचं वाण आणि लेकीला साडी. दुकानाला लग्नाचा शालू विकायचा नसतो, पाच हजारांच्या आतली लेकीची साडी विकायची असते. लेखाचा विषय पंचांगाने दिला. तारखांचा संगणकी तक्ता करा, जरूर करा, पण शेजारी भिंतीवरचं कॅलेंडर असू द्या.

तारखांवरूनच आणखी एक. जुने लेख दुरुस्त करणं हे लिहिण्याइतकंच काम आहे आणि त्याचे पैसे लावायला हवेत. २०२५ मध्ये आयकर विवरणपत्राची ३१ जुलैची मुदत आधी १५ सप्टेंबर झाली आणि शेवटच्या घटकेला १६ सप्टेंबर. ‘३१ जुलै चुकवू नका’ असा लेख तेव्हा सीएंच्या ब्लॉगवर तसाच उभा असेल तर वाचणाऱ्याने काय समजायचं? वर्षाच्या करारात ‘नवे लेख इतके, दुरुस्त्या इतक्या’ असं वेगळं लिहा. गुगल सर्च कन्सोल फुकट आहे, त्यात गेल्या १६ महिन्यांत लोक कुठले शब्द टाकून साइटवर आले ते दिसतं. दर महिन्याला तिथे एक नजर टाका. ज्या जुन्या लेखावर लोक अजून येतात तो आधी दुरुस्त करा. साडीवाल्यांना ‘फरक’ दाखवायचा तर तोही इथूनच, शिवाय गल्ल्यावरच्या माणसाला सांगून ठेवा की नव्या गिऱ्हाइकाला ‘कुठून कळलं’ एवढं विचारायचं.

आंब्याचा लेख दातांवर गेला त्याचा उपाय साधा आहे. ब्राउझरमध्ये प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल करा आणि प्रत्येकाला वेगळा रंग द्या. आंब्याची खिडकी केशरी, डॉक्टरांची निळी. एका प्रोफाइलमध्ये एकाच साइटचं लॉगिन. एका बैठकीत एकच धंदा. सोमवारी आंबा, मंगळवारी साडी, असं. एका रात्रीत तिघांचे थोडे थोडे नको, कारण दर वेळी डोकं बदलायलाच अर्धा तास जातो. आणि कुठलाही लेख तुम्ही थेट प्रसिद्ध करायचा नाही. मसुदा जतन करायचा, मालकाला दुवा पाठवायचा, त्याचं ‘ठीक आहे’ आलं की मगच. ‘तुमच्यावर विश्वास आहे हो, टाका’ असं म्हणणारे भेटतील. त्यांना सांगा की विश्वास आहेच, पण हापूसचा भाव आणि बोटीची वेळ तुम्हालाच माहीत.

साइटच्या किल्ल्यांचं, म्हणजे डोमेन आणि लॉगिनचं, मात्र याच आठवड्यात करा. डोमेन ज्याचं त्याच्या ईमेलवर आणि त्याच्या मोबाइलवर गेलं पाहिजे, नूतनीकरण त्याच्या कार्डवरून आपोआप झालं पाहिजे. वर्डप्रेसमध्ये मालक प्रशासक, तुम्ही संपादक. लेख लिहायला, बदलायला, टाकायला संपादकाचे अधिकार पुरतात. तुम्हाला वाटेल की किल्ल्या हातात असल्या तर पैसे बुडवणाऱ्यावर वचक राहतो. तो वचक वापरायची वेळ आली तर भांडण तुम्ही हरलात असं समजा. चिपळूणएवढ्या गावात ‘हिने साइट अडकवून ठेवली’ ही गोष्ट बाजारपेठेच्या या टोकापासून त्या टोकाला जायला संध्याकाळ पुरते. आणि मुदत हुकली तर? डॉट कॉम नाव मुदतीनंतर काही काळ परत घेता येतं, पण उशीर झाला की सोडवणुकीचा वेगळा दंड पडतो, आणि त्याहून उशीर झाला की नाव सुटतं, मग ते कुणीही उचलू शकतं. काकांची साइट ऐन एप्रिलमध्ये बंद पडलेली तुम्हाला चालेल का?

पैशासाठी वचक हवा तर तो करारात आणा. आपल्याकडचा १९५७ चा कॉपीराइट कायदा तुमच्या बाजूचा आहे, हे फार थोड्या लिहिणाऱ्यांना माहीत असतं. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलं तर वेगळा काही करार नसेल तर हक्क मालकाचा. तुम्ही कुणाच्या नोकर नाही, म्हणून दुसरं काही लिहून दिलं नसेल तर लेखाच्या पहिल्या हक्कदार तुम्ही. हक्क द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. कागदात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जातात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. तेव्हा एका पानाचा करार करा आणि त्यात सरळ लिहा: पैसे पूर्ण मिळाल्यावर लेखाचे सर्व हक्क मालकाचे. उशिरा देणारे जे दोघं आहेत त्यांच्याकडून तिमाही आगाऊ घ्या. फोटोंचंही कलम घाला: फोटो मालकाने स्वतः काढलेले द्यायचे. गुगलवरून उचललेल्या समुद्रकिनाऱ्याच्या फोटोचा मालक कुठेतरी असतोच, आणि गुहागरच्या होमस्टेवर केरळचा किनारा पाहून पाहुणे काय म्हणतील ते वेगळंच.

दोन होमस्टेंचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मला तेच सगळ्यात नाजूक वाटतं. एकाच तालुक्यात, एकाच हंगामात, एकाच पाहुण्यासाठी दोघं स्पर्धेत आहेत. त्यातला एक तुमचा मावसभाऊ. दोघांना एकमेकांचं माहीत आहे का? नसेल तर तुम्हीच सांगा, इतरांकडून कळण्याआधी. मग दोघांचा पाहुणा वेगळा काढता येतो का ते बघा. भावाचं घर समुद्रालगत आणि लहान मुलांचं कुटुंब येणारं असेल, दुसरं पोफळीच्या बागेत आणि निवांत वाचत बसणाऱ्यांचं असेल, तर दोघांचे लेख एकमेकांना छेद देणार नाहीत. हेदवी, वेळणेश्वर, गोपाळगड अशा ठिकाणांची माहिती मात्र एकदाच लिहून थोडे शब्द बदलून दोन्हीकडे टाकू नका. सारखाच मजकूर दोन ठिकाणी दिसला की गुगल साधारणपणे त्यातला एकच निवडून दाखवतं, म्हणजे एका गिऱ्हाइकाच्या पैशाने तुम्ही दुसऱ्याचं दुकान पुढे केलंत. पाहुणे वेगळे काढता येत नसतील तर दुसरा होमस्टे सोडा. भाऊ सोडायचा सल्ला मी देणार नाही, दिवाळीला फराळ कुणाकडे जायचा हा प्रश्न मोठा आहे.

‘एआय’कडून लिहून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. मसुदा सुधारायला, शीर्षकं सुचवायला, काकांच्या आवाजाचं टंकन करायला खुशाल वापरा. पण अठ्ठावीस लेख त्याच्याकडून पाडून घ्यायचे असतील तर २०२४ च्या मार्चमध्ये गुगलने याच प्रकारावर नियम कडक केले, हे लक्षात ठेवा: शोधात वर यायचं म्हणून ढिगाने ओतलेला मजकूर, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने. आणि तुमची मूळ अडचणच सातही ब्लॉग एका आवाजात बोलतात ही आहे. यंत्र तर सात हजारांना तोच आवाज देतंय.

काय सोडायचं? दुसऱ्या होमस्टेचं वर सांगितलं. त्याशिवाय क्लास. सरांकडून तुम्हाला एकही निरोप, फोटो किंवा विषय येत नाही असं पत्रावरून दिसतं, आणि उशिरा पैसे देणाऱ्या दोघांपैकी एक तेच असावेत अशी मला शंका आहे. मुलं आणि पालक तुमचा लेख वाचून क्लास निवडत नाहीत. ते शेजारच्या मुलीला विचारतात. राहिलेल्या पाच जणांत डॉक्टरांचे सहा, काकांचे बारा, सीए, साडी आणि भाऊ यांचे पंधरा-पंधरा धरले तर वर्षाला त्रेसष्ट लेख होतात, महिन्याला पाच-सहा. दर तुम्ही आज घेता त्याच्या दुपटीने लावा. हिशोब केलात तर उत्पन्न आजच्यापेक्षा बरंच कमी दिसेल, ते लपवत नाही. म्हणून नकाशावरच्या नोंदी सांभाळणं आणि जुने लेख दुरुस्त करणं याचे पैसे वेगळे लावा, आणि मोकळ्या झालेल्या रात्रींतून एखादं नवं काम घ्या, पण वीस मिनिटं बोलायला तयार असलेल्या मालकाचंच.

सरांना मात्र फोनवर गोड बोलून टाळत बसू नका. लेखी कळवा, आणि फेब्रुवारी संपायच्या आत कळवा. पुढच्या वर्षाच्या प्रवेशांची त्यांची जुळवाजुळव परीक्षा संपल्या की सुरू होते, तेव्हा त्यांच्या हाताशी दुसरा माणूस असायला हवा. मजकूर असा चालेल: ‘सर, ३१ मार्चनंतर मला आपल्या ब्लॉगचं काम करता येणार नाही. तोपर्यंतचे ठरलेले लेख देईन. डोमेन आपल्या ईमेलवर करून देते, त्यासाठी एकदा दहा मिनिटं आपला मोबाइल जवळ ठेवून बसावं लागेल, कारण ओटीपी त्यावर येईल. जानेवारीपासूनचे पैसे बाकी आहेत, ते त्याच दिवशी मिळाले तर बरं होईल.’